दह्यावर आलेला आळ

मी नौपाड्यातल्या एका शाळेच्या कार्यालयात नोकरी करते. दहावीच्या परीक्षेच्या सकाळी मुलं प्रवेशपत्रं पुढे करतात तेव्हा त्यातली निम्मी चिकट असतात. निघताना आईने किंवा आजीने तळहातावर दही-साखर ठेवलेली असते, मुलाने ती चाटलेली असते आणि हात धुवायला वेळ नसतो. इतक्या वर्षांत मी एवढंच पाहिलं की दही-साखरेने नापास होणारा पास होत नाही आणि पास होणारा नापास होत नाही. अगदी निरुपद्रवी प्रकार आहे, असं माझं मत होतं. मुलीच्या बाळंतपणानंतर त्याच निरुपद्रवी दही-साखरेच्या चमच्याने आमच्या दोन घरांत असा काही गोंधळ घातला की मला ते मत पुन्हा तपासून बघावं लागलं.

मुलीला सहाव्या महिन्यात साखर निघाली. गरोदरपणातली साखर म्हणतात ती. बातमी कळल्यावर सोसायटीतल्या बायका एकेक करून चौकशीला आल्या आणि प्रत्येकीने उठता उठता एकच प्रश्न विचारला, "गोड फार खायची का हो?" जणू पोरगी जिलब्यांच्या कढईशेजारीच वाढली होती. वास्तविक श्रीखंड-पुरीतली नुसती पुरी खाऊन उठणारी मुलगी आहे ती. पण लोकांना साखरेचं कारण साखरच लागतं.

तिने ते महिने शहाण्यासारखे काढले. बोटाला सुई टोचून साखर बघायची, भात वाटीने मोजून घ्यायचा, जेवण झालं की चालायला जायचं. जावयाचं ऑफिस माजिवड्याला. तिथून दमून आलेला तो बिचाराही तिच्याबरोबर फेऱ्या मारायचा आणि त्याचंच वजन उतरलं. नात झाली, सुखरूप झाली, रडली तीसुद्धा दणदणीत. दुसऱ्या दिवशी मुलीची साखर बघितली तर अगदी सरळ.

डॉक्टरीणबाई खोलीत आल्या आणि दोन वाक्यं बोलल्या. "साखर खाली आलीये, छान झालं. पण सहा आठवड्यांनी ग्लुकोज पिऊन तपासणी करायचीच, कारण अशा बायकांना पुढे कायमची साखर लागण्याचा धोका जास्त असतो." आमच्या माणसांचे कान 'पण' या शब्दापाशी आपोआप बंद होतात. माझा नवरा पहिल्या वाक्यालाच टेंभी नाक्याकडे पेढे आणायला धावला होता. विहीणबाईंनी सुनेच्या कपाळावरून हात फिरवला आणि निकाल दिला, "वार पडली, साखर गेली. ती बाळाची साखर होती." साखर मोजायचं यंत्र जावयाने त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना देऊन टाकलं. काका खूश झाले. त्यांनी त्याच दिवशी दोन पेढे खाऊन मोजून बघितलं.

दुसरं वाक्य ऐकणारी खोलीत मी एकटीच होते, आणि त्यात माझी काही हुशारी नव्हती. माझ्या थोरल्या बहिणीची साखरही अशीच 'गेली' होती. तिच्या दुसऱ्या बाळंतपणात आली, बाळाबरोबर गेली, घरात नारळ फुटला. त्यानंतर कोणी तिचं रक्त म्हणून तपासलं नाही. पुष्कळ वर्षांनी तिला अंधूक दिसायला लागलं, तेव्हा आधी चष्म्याचा नंबर बदलून झाला, मग चष्म्याचं दुकान बदलून झालं. आज ती रोज इन्शुलिन घेते आणि एका डोळ्याने जेमतेम बघते. म्हणून मुलीची सहा आठवड्यांची तपासणी ही माझ्या दृष्टीने बारशापेक्षा मोठी गोष्ट होती.

मुलगी सव्वा महिना माझ्याकडे नौपाड्यात होती. लाडवांबद्दल मी इथे लिहीत नाही. विहीणबाईंनी डोंबिवलीहून डबे भरून पाठवले, मी ते धुऊन परत पाठवले, आणि मधल्या काळात लाडवांचं काय झालं ते माझ्या नवऱ्याच्या पोटाकडे बघून कोणीही सांगेल.

मग ती सासरी डोंबिवलीला गेली आणि सहावा आठवडा आला. नातीच्या दीड महिन्याच्या डोसाची तारीख दोन्ही घरांत पाठ होती. डोसाला आजी, आजोबा, आत्या, आत्याची मैत्रीण असे सगळे गेले. दवाखान्यात बाळांपेक्षा आमच्या बाळाच्या बाजूचीच गर्दी जास्त होती. बाळाच्या आईला त्याच आठवड्यात एका तपासणीला जायचं आहे हे मी फोनवर सांगितलं, तेव्हा जावई म्हणाला, "अच्छा, ते अजून आहे का?" मी दिवस ठरवून टाकला आणि नातीला सांभाळायला मी स्वतः येते असं सांगितलं.

आता विहीणबाईंबद्दल. बाई मनाने चांगल्या, हाताने उदार आणि दह्याच्या बाबतीत गर्विष्ठ. लग्न होऊन येताना मुरबाडकडच्या माहेराहून त्यांनी विरजण आणलं, तेच आजवर चालू आहे. मधे घर बदललं तेव्हा देव्हारा टेम्पोत मागे सामानात होता आणि विरजणाची वाटी यांच्या मांडीवर. त्या घरातून कोणी महत्त्वाच्या कामाला दही-साखरेशिवाय बाहेर पडलेलं नाही. मुलाची मुलाखत, नवऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, गॅसची तक्रार.

तपासणीच्या सकाळी मी ठाण्याहून थेट लॅबमध्ये पोचले. मुलीचं पहिलं रक्त देऊन झालं होतं आणि ती नाक धरून ग्लुकोजचं पाणी पीत होती.

"उपाशी आलीस ना?" मी नातीला तिच्याकडून घेत विचारलं.

"हो गं. काल रात्रीच्या जेवणानंतर काही नाही. फक्त पाणी."

"चहा?"

"नाही म्हटलं ना! काहीच नाही." ग्लास रिकामा करून तिने तोंड वाकडं केलं. "निघताना आईंनी दही-साखर दिली तेवढीच."

आई म्हणजे मी, आणि आईंनी म्हणजे सासूबाईंनी. मी तिच्याकडे बघत राहिले.

"अशी काय बघतेस? ते काय खाणं आहे का?"

मुलगी एम.कॉम. आहे. बँकेत आहे. पण तिला खरोखरच तसं वाटत होतं, आणि तिचं काही विशेष चुकलं असंही नाही. आमच्यात खाणं वेगळं आणि हातावर घेणं वेगळं. तीर्थ, प्रसाद, दही-साखर हे हातावर घेतात. हातावर घेतलेलं तोंडातून जातं खरं, पण पोटात जातं असं आम्ही कधी धरलेलं नाही. लॅबमध्ये विचारलं, "काही खाल्लंय का?" आणि तिने अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, "नाही."

रक्त घेणाऱ्या मुलीला मी बोलावून हे सांगितलं. तिने कपाळाला हात लावला.

"किती होतं ताई?"

"चमचाभर," मुलगी म्हणाली.

"कुठला चमचा?"

"पोह्यांचा."

"आणि साखर?"

"होती. दाताखाली येत होती."

"तुम्ही ग्लुकोज प्यायलात, आता दोन तासांनी दुसरं रक्त घेऊनच टाकू. पण रिपोर्टवर शेरा जाणार हं. आणि टेस्ट परत करावी लागेल."

संध्याकाळी रिपोर्ट आला. उपाशीपोटीचा आकडा असायला हवा त्याच्या वर होता आणि दोन तासांनंतरचाही. दोन्ही थोडेथोडेच वर, पण वर. खाली शेरा: नमुन्यापूर्वी दही व साखर घेतलेली आहे.

डोंबिवलीच्या घरात दिवाणखान्यात बैठक बसली. मला वाटलं होतं, घरात काळजी पसरेल. उलट त्या शेऱ्याने सगळ्यांच्या जिवात जीव आला.

"माझंच चुकलं," विहीणबाई म्हणाल्या. "चमचा मोठा घेतला मी."

मी खुर्चीत सरळ बसले. बारशाला आमरस आंबट निघाला तेव्हा चूक आंब्याची होती. जावयाचा मोबाइल धुण्यात गेला तेव्हा चूक पँटीच्या खिशाची होती. या बाईंच्या तोंडून 'माझं चुकलं' मी पहिल्यांदा ऐकत होते.

"मग प्रश्नच मिटला," जावई म्हणाला.

"आणि दुसरा आकडा?" मी विचारलं. "तो का वर आहे?"

"अहो आई, दुसऱ्या वेळेला तर ग्लासभर ग्लुकोज पाजलं तिला. मग वाढणारच ना!"

जावई इंजिनिअर आहे. मी फोनवरून नवऱ्याला सांगितलं, निदान तो तरी माझ्या बाजूने बोलेल म्हणून. तो म्हणाला, "दह्याने वाढली ना? मग झालं तर. उगाच टेन्शन दिलंस." आणि फोन ठेवून दिला, त्याची मॅच चालू होती.

मग मुलगी बोलली. "आई, पुरे ना आता. इतके महिने बोटं टोचून घेतली, भाताची शितं मोजली. झालं ते. आता जरा माझं मला जगू दे."

ती रात्रीची तुकड्यातुकड्याने झोपत होती, केस दोन दिवसांत विंचरले नव्हते, आणि मी तिला परत उपाशी राहून ते घाणेरडं पाणी पी म्हणून सांगत होते. माझ्या बहिणीलाही तेव्हा असंच वाटलं असेल. शिवाय दह्यासारखा आरोपी मिळणं कठीण. ते बोलत नाही, वकील देत नाही, आणि शिक्षा झाली तरी दुसऱ्या दिवशी परत लागतं. परत तपासणी करायची हे सगळ्यांनी मान्य केलं, 'बघू, सावकाश' या अटीवर. आमच्याकडे या दोन शब्दांत वर्षं जातात.

माझ्यापुढे दोन मार्ग होते. एक, सगळ्यांना वैद्यकशास्त्र समजावून सांगणं. तो मी शाळेत पालकांवर इतक्या वेळा वापरला आहे की त्यातून काही होत नाही याची मला खात्री आहे. दुसरा मार्ग कल्याणहून जात होता.

विहीणबाईंच्या थोरल्या जाऊबाई कल्याणला राहतात. दोघींमध्ये दह्यावरून जुनं आहे. जाऊबाई बाजारातलं डब्यातलं दही आणतात आणि विहीणबाई ते चारचौघांत बोलून दाखवतात. मी जाऊबाईंना फोन केला, गुडघ्यांची चौकशी केली, आणि बोलता बोलता म्हटलं, "टेस्टला निघताना दही-साखर दिली म्हणून अख्खा रिपोर्ट बिघडला हो. बघा ना, कसं होतं. कोणाला बोलू नका हं." हे शेवटचं वाक्य घातल्याशिवाय बातमी कल्याणच्या पुढे सरकत नाही.

ती व्यवस्थित सरकली. अंबरनाथपर्यंत चमच्याची वाटी झाली, बदलापूरपर्यंत दह्याचं श्रीखंड झालं, आणि सून लॅबमध्ये चक्कर येऊन पडली. त्या आठवड्यातच मला विहीणबाईंचा फोन आला.

"ताई, तुमच्या कानावर आलं का काही?"

"काय हो?"

"माझ्या दह्याने म्हणे सुनेला डायबिटीस झाला! माझ्या दह्याने!"

"कोण म्हणतं असं?"

"सगळं कल्याण म्हणतंय. आणि कोण म्हणतंय तर ज्यांच्या घरात दुधाला कधी विरजण लागलं नाही ते!"

"अरेरे. मग आता काय करायचं?"

"करायचं काय? परत टेस्ट! उद्याच्या उद्या. मी स्वतः घेऊन जाते तिला. दूध का दूध, पानी का पानी होऊ दे एकदाचं."

"तुम्ही म्हणाल तसं," मी म्हटलं आणि रजेचा अर्ज लिहायला घेतला.

त्या वेळी विहीणबाईंनी सुनेची जी राखण केली तशी मी बोर्डाच्या पेपरांचीही पाहिलेली नाही. दह्याचं भांडं शेजारच्या घरी नेऊन ठेवलं. सकाळी जावयाला चहा जिन्यात उभं राहून प्यावा लागला, कारण घरात वास यायला नको. देवापुढच्या साखरेच्या वाटीवर झाकण. मुलीने दात घासले तर पेस्ट गोड असते का याची चौकशी झाली. लॅबमध्ये शिरताच त्यांनी काउंटरवर जाहीर केलं, "काहीसुद्धा खाल्लेलं नाही. मी साक्षीला आहे." काउंटरवरच्या मुलाने नुसतं नाव विचारलं होतं.

पहिलं रक्त झालं, ग्लुकोज पिऊन झालं. मुलगी भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसली. आम्ही दोघी बाकावर, नात विहीणबाईंच्या मांडीवर. बराच वेळ त्या दह्याच्या अब्रूबद्दल बोलत होत्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ताई, खरं सांगा. दह्यानेच वाढली असेल ना?"

मी त्यांना बहिणीचं सांगितलं. सगळं, चष्म्याच्या दुकानांसकट.

"लग्नात हॉलमध्ये काळा चष्मा लावून बसलेल्या, त्याच?"

"त्याच."

"मला वाटलं, मिजास आहे." त्यांनी नातीचं झबलं सारखं केलं. "मी हिला म्हटलंही होतं तेव्हा, तुझी मावशी काय सिनेमातली आहे का."

मग दोन तास होईपर्यंत त्या नातीच्या पायातला मोजा काढत होत्या आणि परत घालत होत्या.

रिपोर्ट संध्याकाळी जावयाच्या मोबाइलवर आला. त्याने मोठ्याने वाचला. उपाशीपोटीचा आकडा जवळजवळ तोच. दोन तासांनंतरचाही तोच. शेरा नाही.

"म्हणजे काय रे?" विहीणबाईंनी विचारलं.

"म्हणजे दह्याचा काही संबंध नाही, आई."

"मी म्हटलं नव्हतं?" त्या ताठ उभ्या राहिल्या. "चमचाभर दह्याने काय होतंय? इतकी वर्षं देतेय मी!" आणि फोन उचलला. कल्याणचा नंबर त्यांना शोधावा लागत नाही. अंगठा त्यावर गेला आणि तिथेच थांबला. सुनेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि फोन पालथा करून टेबलावर ठेवला.

"मग... हिला खरंच आहे?"

मुलगी म्हणाली, "म्हणजे परत टोचायचं," आणि आत जाऊन बाळाला पाजायला बसली.

"माझ्या दह्याने झालं असतं तर बरं झालं असतं हो," विहीणबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून सांगितलं की हा अजून मधुमेह नाही, त्याच्या अलीकडची पायरी आहे. आत्ता कळलं हे उत्तम. आत्ता औषध नको; जेवणावर लक्ष, रोज चालणं, वजन उतरवणं, बाळाला पाजत राहणं. दर वर्षी न चुकता तपासणी. आणि दुसऱ्या बाळाचा विचार केलात तर आधी माझ्याकडे यायचं, मग विचार करायचा. "आणि भरपूर झोप घ्या," असंही म्हणाल्या. त्यावर मुलगी इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोट धरून हसली.

या वेळी 'पण' नंतरचं सगळ्यांनी ऐकलं. जावयाने नवीन यंत्र आणलं, कारण खालचे काका जुनं परत द्यायला तयार नव्हते. संध्याकाळी बाळाला विहीणबाई बघतात आणि ही दोघं चालून येतात. घरातला पोह्यांचा चमचा मात्र गायब आहे. मी विचारलेलं नाही.

यंदाच्या तपासणीच्या सकाळीही मी गेले होते. मुलगी चपला घालून दारात उभी राहिली आणि सवयीने तिचा हात पुढे आला. विहीणबाईंनी त्या हाताकडे बघितलं, मग त्यावर आपला हात आपटून टाळी दिली. "जा. काही मिळणार नाही." दुसरा आकडा थोडा उतरला आहे. थोडाच, पण खालच्या दिशेने. पुढच्या वर्षी परत बघायचं.

त्यानंतर आठवड्याने नातीचा पहिला वाढदिवस झाला. कल्याणच्या जाऊबाई आल्या होत्या. पंगत बसली, विहीणबाई दही वाढत आल्या, तेव्हा जाऊबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "जपून वाढ गं बाई. तुझ्या दह्याने सुनेला लॅबमध्ये चक्कर आलेली."

मी पानावरून मान वर केली. दुसरा रिपोर्ट आतल्या कपाटात होता. एक वाक्य पुरलं असतं. पण सुनेला साखरेचा धोका आहे असं एकदा कल्याणला कळलं की पुढच्या प्रत्येक पंगतीत तिच्या पानावर चाळीस डोळे, आणि तिने उचललेल्या प्रत्येक घासाला एक सल्ला.

"हो ना," विहीणबाई म्हणाल्या. "चमचा मोठाच होता माझा."

जाऊबाईंचं तेवढ्याने समाधान झालं नाही. "मला बाई काही माहीत नव्हतं. ह्यांनीच फोन करून सांगितलं," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"माहितीये मला," विहीणबाई म्हणाल्या. वर न बघता माझ्या पानात दही वाढलं, मी नको म्हणत असताना अजून वाढलं, आणि पुढच्या पानाकडे वळल्या.